कोपरापर्यंत हात

माझी बायको सिंधू दुसऱ्याच्या उकिरड्यात कोपरापर्यंत हात घालायची. लग्नाला निघालेली असो, अंगावर नवं लुगडं असो, वाटेत कुजत घातलेला ढीग दिसला की बांगड्या वर सारल्याच. आत गरम लागलं की म्हणायची, "चालू शे." आमच्या खानदेशी बोलीत, चालू आहे. मी सुरतेत लूमवर, म्हणजे कापडाच्या साच्यावर होतो. साचा चालू की बंद, मी आवाजावरून ओळखायचो. ती ढीग हाताने ओळखायची.

हे वेड तिला नव्वदच्या दशकात लागलं. सुरतेजवळच्या डिंडोलीबाहेर मगनभाईंच्या उसात ती भागाने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर राबायची. ऊस बारडोलीच्या साखर कारखान्याला जायचा, पाचट मागे राहायचं. ते पेटवायचं, हीच रीत. राख डोळ्यांत, जमीन विटेसारखी. एकदा शेतकी कॉलेजातले एक साहेब आले, बायांना बुरशीच्या भुकटीची पाकिटं दिली. म्हणाले, आपल्या पोटात पाचक रस सुटतो तसा ही बुरशी सोडते, त्यात पाचट विरघळून खत होतं. बाया हसल्या. सिंधूने चिमूटभर घरामागच्या ढिगावर टाकली. ढीग काळा पडायला लागला तशी ती मगनभाईंकडे गेली.

"बेन, बाळी नाखो, वात पूरी," ते म्हणाले. जाळून टाक, विषय संपला.

"जाळायला अक्कल लागत नाही, भाई. शेताचा एक तुकडा द्या."

दिला. पण आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत कुजलं नाही तर तुझा भाग सुटला, असं बजावून.

आणि मी काय केलं? उरलेली पाकिटं हाताला ओलसर लागली. खराब होतील म्हणून फोडून दिवसभर उन्हात पत्र्यावर वाळवली, पापड वाळवतात तशी. ती शेतावरून आली, बघितलं आणि पत्र्यावरची भुकटी चिमटीत चोळली.

"काय करं हाई? जित्ता शेतस त्या."

जिवंत होती ती बुरशी, मी उन्हात सगळी मारली होती. मग तिने घरामागच्या ढिगात हात घातला. "इथं पिलावळ झाली असेल. उचला पाट्या." त्या पाट्या माझ्याच डोक्यावर दिल्या. ताज्या पाचटात थर घातले, शेणकाला शिंपडला. रोज पाणी, मधूनमधून ढीग खालीवर. पंधरा दिवस आत गारच.

"बेन, कोनी वाट जुओ छो?" मगनभाई बांधावरून विचारायचे. कुणाची वाट बघतेस.

"माझ्या माणसांची," ती ढिगाकडे बोट दाखवून म्हणायची.

एका सकाळी तिने माझं मनगट धरून हात ढिगात खुपसला. चटका बसून मी मागे ओढला. ती माझ्याकडे बघून हसली. पाकिटांची माफी मला त्या हसण्यात मिळाली.

आखाजीला मगनभाई काडेपेटी घेऊनच आले. मूठभर खत उचललं. चहाच्या भुकटीसारखं काळं, पावसाळी मातीचा वास. त्यांनी काडेपेटी खिशात घातली. "बाकीचे तुकडे पण तूच बघ, बेन." पुढे त्या शिवारात धूर दिसेना. अंगठा उठवणारी माझी बायको गावोगाव जाऊन पाटीदारांना शिकवायची आणि ते उभे राहून ऐकायचे.

गेल्या साली ती गेली. तिचा हात गार लागला, तो पहिल्यांदाच. मी बराच वेळ धरून बसलो. दहावं झाल्यावर घरामागे गेलो. तिनेच रचलेला शेवटचा ढीग होता. बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला.

चालू शे.