तुला पुरेल एवढं रक्त

रक्तदान शिबिराचं पत्रक मीच लिहिलं होतं. ‘प्रत्येक निरोगी माणसाने यावे!’ ते वाचून माझी धाकटी बहीण नंदा हौसेनं आली, आणि वजनकाट्यावरूनच तिला परत फिरवलं.

“म्हणजे मी आजारी आहे?” तिनं विचारलं.

“छे गं, ठणठणीत आहेस,” डॉक्टरीणबाई हसल्या. “पण तुझं रक्त तुला पुरेल एवढंच आहे.”

मी भांडायलाच उठले. जन्मभर ‘काडी’, ‘हिला घरी खायला घालत नाहीत का?’ ऐकलेल्या पोरीनं इथंही कमीच पडावं?

नंदा मात्र खिडकीपाशी जाऊन बसली. बाहेर शेवगा वाऱ्यावर डुलत होता, बारीक फांद्या शेंगांनी लगडलेल्या. त्याला कुणी रोगट म्हणत नाही. त्याची फांदी चटकन मोडते, हे खरंच; पण म्हणून त्यानं वड का व्हावं? बघता बघता माझा राग त्या हलत्या उन्हात विरघळला.

“चल,” नंदा म्हणाली, “माझं रक्त मला घरी न्यायचंय.”

चढावर तिची सायकल सहज पुढं गेली. घरात जिची तब्येत चांगली समजतात ती मी, खाली उतरून, धापा टाकत माझी ढकलत होते.