सदर बाजारातले स्पीकर

रायपूर राजधानी झाले आणि माझी नागपूरहून तिथे बदली झाली. काही वर्षांनी मुलगा शिकायला बाहेर गेला. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये त्याने आईसाठी भावगीते भरून ठेवली होती. ती ऐकायला स्वस्तातले स्पीकर घ्यावेत म्हणून आम्ही दोघे सदर बाजारात गेलो.

दुकानदाराने आधी छोटी जोडी लावली. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. बायको डोळे मिटून ऐकत राहिली. मग त्याने मोठ्या डब्याचा सेट लावला, तशी काउंटरची काच थरथरली.

"हाच घेऊ," मी म्हणालो.

"याच्यात तबलाच वाजून राहिला. बाई कुठं गाऊन राहिली?"

"तुले काय समजते त्यातलं? घेऊ ना हा?"

"हव," ती म्हणाली.

आमच्याकडे हव म्हणजे हो. पण चारचौघांत वाद नको असला की ती असेच हव म्हणायची, हे मला ठाऊक होते. तरी मुलाला मी कायम सांगत आलो की स्पीकर आईनेच पसंत केले, पण पुढे तिला गाण्याची आवडच उरली नाही. हे खरे नाही. त्या ढमढमीत तिला गाणे सापडत नसे, म्हणून ती ऐकायला बसेनाशी झाली.

आता ती नाही. दुपारी घर शांत असले की ती भाजी निवडताना काय गुणगुणायची, ते आठवून पाहतो. चाल थोडी येते. शब्द येत नाहीत, आणि ते फक्त तिलाच विचारता आले असते.