सिग्नल सरांच्या चुका

सिग्नल सर मुद्दाम चुकायचे. केस पिकलेले, कंपनीतल्या सगळ्यात जबाबदारीच्या खुर्चीवर बसलेले सर अधूनमधून ठरवून काहीतरी चुकीचं बोलायचे आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत राहायचे. जो "चूक!" म्हणून ओरडेल, त्याला सरांकडून कांदाभजी. कुणीच ओरडलं नाही, तर त्या दिवशी सगळ्यांना बिनसाखरेचा चहा. पहिल्या पावसाळ्यात मी इतका कडू चहा प्यायले की नोकरी सोडायचा विचार मनात येऊन गेला.

आमचं ऑफिस लोणावळ्याच्या बाजारात, एका चिक्कीच्या दुकानाच्या वर. वेबसाइटच्या नावात शेवटच्या टिंबानंतर देशाची जी दोन अक्षरं येतात, ती प्रत्येक देशाची वेगळी असतात. त्या शेपटाखालची सगळी नावं एकाच ठिकाणी नोंदलेली असतात. तिथून नाव पुसलं गेलं, की ती वेबसाइट जगाला सापडत नाही. अशा नोंदी राखणाऱ्या संस्थांना रजिस्ट्री म्हणतात. त्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो, आणि चालवूनही देतो. तळेगावात आमची आई शेजारणींना सांगते, "पोरगी दुसऱ्यांची नावं सांभाळते." याहून बरं मलाही सांगता आलेलं नाही.

सरांचं आडनाव इनामदार, पण ते फक्त पगारपत्रकापुरतं. सिग्नल सर हे नाव पडलं ते त्यांच्या वडिलांमुळे. वडील खंडाळ्याच्या घाटात गाड्यांना मागून रेटणारं इंजिन चालवायचे. ड्रायव्हरनं सिग्नल बघून मोठ्यानं बोलायचा, सहायकानं तो स्वतः बघून परत मोठ्यानं बोलायचा, अशी रेल्वेची रीत. सरांनी ती जशीच्या तशी आमच्या ऑफिसात आणली. खऱ्या नोंदीला हात लावायचा तर एकानं मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं परत म्हणायचं, आणि मगच बटण दाबायचं. "अब्बा म्हणायचे, दिसलं ते बोला, बोललं ते ऐका, मग हात हलवा," हे वाक्य आम्ही इतकं ऐकलंय की झोपेतही म्हणू.

खाली भज्यांची गाडी लावणाऱ्या मावशी लोहगडवाडीच्या. त्यांना आमचा हा गजर जिन्यातून ऐकू जायचा. एकदा भजी द्यायला वर आल्या आणि दारातच थबकल्या. "हितं शाळा भरती व्हय? येक म्हनतो, दुसरा तेच म्हनतो. आन् एवढं शिकून!"

सर खूश झाले. "मावशी, शिकलेल्यांनाच जास्त लागतं हे. त्यांना वाटतं आपण चुकत नाही."

"मंग आमच्या मालकास्नी पन आना हितं," मावशी म्हणाल्या, आणि सर डोळे पुसेपर्यंत हसले.

एका लांबच्या बेटावरच्या देशाची नोंद आमच्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा सरांनी तो देश जणू दत्तकच घेतला. पेपरात वादळाची बातमी आली की, "आपल्या बेटाकडे तर नाही ना ते?" त्यांची स्वतःची वेबसाइट मात्र नव्हती. "मला कशाला? हाक मारली की मी येतोच की."

बेटाच्या सगळ्या नावांची एक नक्कल आम्ही तालमीसाठी केली होती. जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्यावर यायची रंगीत तालीम त्या नकलेवर व्हायची, आणि दर तालमीनंतर ती नक्कल कोरी करायची. शेवटी खरा दिवस आला. सकाळी खरी नोंद आमच्याकडे सुखरूप सुरू झाली. बेटावरचं इस्पितळ, होड्यांचं वेळापत्रक, विमानतळ, सगळ्यांच्या वेबसाइट नीट उघडत होत्या. दुपारी उरलं होतं ते एवढंच, की तालमीची नक्कल शेवटची कोरी करायची. सर सांगणार, मी बटणावर.

सर म्हणाले, "खरी नोंद. सगळी नावं पुसा."

"चूक!" मी आनंदानं किंचाळले. "सर, आज डबल प्लेट!" सगळं ऑफिस टाळ्या पिटायला लागलं. सकाळपासूनचा ताण असा हसण्यात निघून गेला याचं सगळ्यांना बरं वाटलं.

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नुसतं गालात हसले असते तरी निभावलं असतं. चार पावसाळे मुद्दाम चुकणाऱ्या माणसावर कोण शंका घेणार?

"ही मुद्दाम नव्हती," सर म्हणाले.

टाळ्या थांबल्या.

"मला तीच बरोबर वाटली होती. परत सांगतो. तालमीची नक्कल. सगळी नावं पुसा." मी परत म्हटलं. आणि मगच बटण दाबलं.

काम संपल्यावर ते स्वतः खाली जाऊन डबल प्लेट घेऊन आले. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "उद्यापासून ही खुर्ची तुझी, बेटा."

"एका चुकीसाठी, सर? आणि पकडली की आम्ही!"

"चुकीसाठी नाही गं. मुद्दाम चुकताना मला आतून माहीत असतं. आज आतून काहीच वाजलं नाही. अब्बांना लांबचा सिग्नल धूसर दिसला, त्या दिवशी ते आपणहून इंजिनावरून उतरले. पुढे मजेत जगले."

मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याबद्दल इतकं प्रेमही पूर्वी कधी वाटलं नव्हतं. भजी गार झाली.

सर आता खंडाळ्यात असतात, मजेत. अंगणात मोगरा लावलाय आणि तो कसा फुललाय हे फोनवर ऐकवतात. मावशी अजून विचारतात, "सर कवा येनार? त्यांच्याबिगर लय सुनं वाटतं."

मुद्दाम चुकायची रीत मी चालू ठेवली आहे. परवा नव्या मुलीनं "चूक!" म्हणून मला पकडलं आणि सगळे भज्यांसाठी ओरडायला लागले. मी हसायला तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच आलं. "ही मुद्दाम नव्हती."

संध्याकाळी सरांना फोन करून सांगितलं. म्हटलं, सर, मीही उतरू का?

"आतून वाजलं होतं का?"

"तिनं ओरडायच्या आधी क्षणभर वाजलं, सर. बोलता बोलता जीभ अडखळली होती."

"मग बस तिथेच," सर म्हणाले. "खुर्ची आज तुझी झाली."