कोण हाय क्रिटिकल?

कुपवाडच्या एमआयडीसीत लोखंडी शेडचे सांगाडे करणारा एक कारखाना आहे. तिथला फोन वाजला की तो संयोगितानं उचलायचा, आणि पलीकडून "माल कवा?" असं आलं की "उद्या" म्हणायचं. साहेबांनी शिकवलेलं उत्तर तेवढंच. उद्याचा परवा व्हायचा, परवाचा पुढचा आठवडा, आणि शिव्या पडायच्या त्या हिला. शिव्यांचं तिला फारसं काही नव्हतं. उंब्रजला हायवेच्या कडेला वाढलेली पोर, कान तयारच होते. पण खोटं बोलल्यावर तिला जेवण गोड लागायचं नाही. आपण एक तारीख सांगावी आणि ती खरी निघावी, एवढीच बाईची हौस.

म्हणून तिनं कामाचं वेळापत्रक आखायची विद्या धरली. कुठलं काम आधी, कुठलं कुणासाठी अडतं, कुणाला किती सवड, हे सगळं पट्ट्या-पट्ट्यांनी मांडायचं. त्याची मोठी परीक्षा असते. पास झाली तर कारखान्यात प्लॅनिंगची खुर्ची तिची, नाहीतर पुण्याचा माणूस येणार, असं साहेबांनी सांगूनच टाकलेलं. मागल्या खेपेला उजळणीचा शेवटचा दिवस लहानग्या लेकीच्या, सईच्या तापात गेला आणि थोडक्यात हुकलं. नवरा जयराज फौजेत. या खेपेला त्यानं आपल्या आईला, बनुबाईला, रहिमतपूरकडच्या गावाहून कुपवाडला धाडलं. सईला आजी मिळाली, संयोगिताला टेबल.

परीक्षा रविवारी. शुक्रवारी सांजच्याला गावाकडून सासऱ्यांचा, आकारामचा फोन आला. तो बनुबाईनं घेतला. मागं संयोगिता दुसऱ्या फोनवर मैत्रिणीबरोबर मोठमोठ्यानं उजळणी करत होती. आकारामच्या कानात पडलं ते एवढंच: "आता क्रिटिकलवर आलंय! अजिबात सवड नाही. एक दिवस जरी गेला तर सगळं हातचं जाईल!"

आणि फोन बंद. सईनं गाणी बघून बघून आजीच्या फोनची बॅटरी संपवली होती.

आता क्रिटिकल हा शब्द आकारामनं जन्मात ऐकला तो दवाखान्याच्या दारात. आणि आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे या माणसाचा धर्म. एकदा तर कोरेगावात चुकून भलत्याच खाटेपाशी बसून त्यानं तासभर गप्पा मारल्या, परक्या माणसाला शहाळं पाजलं. तो माणूस पुढं जयराजच्या लग्नाला आहेर घेऊन आला. असा हा आकाराम घरच्या पेशंटासाठी थांबतोय होय?

शनिवारी सकाळी गावच्या भाऊसोची पिकअप दारात उभी राहिली. आत आकाराम, त्याची थोरली बहीण सुलाबाई, भावकीतली चार माणसं, आणि पाठीमागं शहाळी. केसात पेन्सिल खोवलेल्या संयोगितानं दार उघडलं.

"कोण हाय क्रिटिकल?" आकारामनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"म्हणजे? काय झालं मामा?" सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"ते तूच सांग. परवा फोनवर कोण वरडत हुतं? सवड न्हाई, सगळं जाईल!"

"परवा नव्हं, काल," सुलाबाई म्हणाली.

संयोगिताच्या ध्यानात आलं. "आवं मामा, ते होय? पायाचं काम क्रिटिकल होतं."

"आगं बया!" सुलाबाईनं तोंडाला पदर लावला. "कुणाच्या पायाचं?"

"शेडच्या!"

मग जो हशा झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. भाऊसो आकारामला म्हणाला, "आवं तात्या, शेडला भेटायला मी वीटभट्टीची खेप सोडून आलो व्हय?" संयोगिताही हसली. पण एवढ्या माणसांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेली आणि तिचे डोळे भरून आले. पुन्हा तोच शेवटचा दिवस.

पाणी प्यायला म्हणून आत आलेल्या आकारामनं ते बघितलं. बघितलं न बघितलं करून तो भिंतीवरच्या कागदापुढं उभा राहिला.

"ह्या पट्ट्या कसल्या गं?"

"माझ्या अभ्यासाच्या. ज्या कामाला सवड असते ते मागंपुढं झालं तरी चालतं. ज्याला नसते ते क्रिटिकल. ते हललं की शेवट हलतो."

"आन आज काय हाय?"

"उजळणी."

"मग आमी कुठल्या पट्टीत बसतो?"

ती कपात साखर घालत राहिली. आकारामनं तिच्या हातातला चमचा काढून घेतला, गॅस बंद केला आणि बाहेर आला.

"चला, उठा समदी."

"आकाराम्या, आत्ता कुठं टेकलो न्हवं!" सुलाबाई म्हणाली.

"पेशंट आत हाय. लय क्रिटिकल हाय. भेटायची येळ संपली."

मंडळी गल्लीतल्या मारुतीच्या देवळात जाऊन बसली. बनुबाईच्या हाताखाली सुलाबाई तेवढी राहिली, आणि तीसुद्धा तोंड बंद ठेवायच्या बोलीवर. सुलाबाई दिवसभर गप्प होती, हे गावाकडं अजून कुणी खरं मानत नाही. पण कुकरची शिट्टी नको म्हणून तिनं भात पातेल्यात शिजवला, आणि ताट ठेवताना भांड्याला भांडं लागू दिलं नाही. आकाराम सईला घेऊन जिन्यावर बसला.

"आजोबा, आई आजारी हाय?"

"इलुशी. उद्या बरी हुईल."

रविवारी सांगलीच्या परीक्षा केंद्राबाहेर ही सगळी मंडळी ऑपरेशन चालल्यासारखी उभी. आत संयोगिता घामाघूम. मधेच संगणकाच्या पडद्यावर शेडच्या पायाचा प्रश्न आला, तिला सुलाबाईचा पदर आठवला आणि हसूच फुटलं. शेजारच्यानं वळून बघितलं. पण त्या हसण्यानं छातीवरचा धोंडा उतरला, हात चालू लागला.

निकाल तिथंच पडद्यावर दिसतो. ती बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"आगं, पेशंट हाय का गेला?" सुलाबाईनं कालचं सगळं गप्प बसणं एका ओरडण्यात मोकळं केलं.

"हाय, आत्ती! ठणठणीत हाय!"

भाऊसोनं कोयता काढला. पहिलं शहाळं पेशंटाला. ती तोंडाला लावते न लावते तोच आकारामनं विचारलं, "मग आता गावाकडं कवा यायचीस?"

"उद्या," सवयीनं तिच्या तोंडून गेलं.

मग ती थांबली. सईची शाळा, कारखान्याची सुट्टी, सगळ्या पट्ट्या मनात एकदा मांडून बघितल्या.

"उद्या नाही, मामा. येत्या रविवारी. सकाळच्या एसटीनं."

त्या रविवारी आकाराम स्टँडवर जाऊन बसला होता. सकाळची एसटी आली, आणि सईचा हात धरून ती उतरली.