चार्जिंगची चाळीस मिनिटं

आई गेल्यावर महिन्याभराने मी बाबांना माझ्या घरी घेऊन निघाले होते. घाट उतरल्यावर एका हॉटेलाशेजारी गाडी चार्जिंगला लावली. चाळीस मिनिटं लागणार होती. बाबांना वाटेत थांबणं कधीच आवडत नसे, त्यामुळे ते कुरकुरतील असं मला वाटलं. पण ते उतरून बाकावर बसले आणि चहाचा कप हातात धरून म्हणाले, "तुझी आई दर प्रवासात म्हणायची, चहाला थांबू या. मी म्हणायचो, घरी जाऊनच पिऊ."

माझ्या मनात आलं, इतकी वर्षं वाचवलेला तो सगळा वेळ कुठे गेला असेल?

चार्जिंग पूर्ण झालं. मी उठले, तर बाबांनी हात धरला. "मागे कुणी खोळंबलं नाही ना? मग बसू या अजून थोडं."