धडधडीची गोळी आणि विहीणबाई

मला माझ्या विहीणबाईंचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला साध्वी समजायला नको. हेवा म्हणजे असातसा नाही, रीतसर जळफळाट. त्यांच्या हातचं सारू, म्हणजे आपलं सार, चांगलं होतं म्हणून पोटात दुखतं, त्यांचे गुडघे या वयात कुरकुरत नाहीत म्हणून दुखतं, आणि सगळ्यात जास्त दुखतं ते माझी लेक त्यांना ज्या सुरात 'अम्मा' म्हणते त्यामुळं. मला ती 'आई' म्हणते ते कामापुरतं, नाहीतर तक्रारीपुरतं.

आम्ही मूळचे सांगलीचे. आमच्या ह्यांना मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही म्हैसूरला आलो, तेव्हा लेक शाळेतसुद्धा जात नव्हती. घर घेतलं गोकुलममध्ये. पुढं लेकीनं लग्न जमवलं ते जयलक्ष्मीपुरममधल्या एका मराठी घरात. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. पूर्वी कापड रंगवायचा धंदा, आता छपाईचं छोटं दुकान. आमच्या घरून त्यांच्याकडं जायला रिक्षात बसेपर्यंत उतरायची वेळ येते. मला केवढा आनंद झाला होता, लेक गावातच राहणार म्हणून. लेक गावात राहिली की तिची सासूही गावातच राहते, हे मेलं तेव्हा लक्षातच आलं नाही.

आता माझ्या हृदयाचं सांगते. बसल्या जागी, काही कारण नसताना ते एकाएकी उधळायचं. त्यासाठी कित्येक वर्षं एक गोळी घेत होते. घरात तिला धडधडीची गोळीच म्हणायचो. मग डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळली. काही महिने गेल्यावर म्हणाले, आता गोळीची गरज नाही, पण एकदम सोडायची नाही हं. आधी अर्धी, मग पाव, मग मी सांगेन तेव्हा बंद. मी खुशीत घरी आले. त्याच सुमाराला लेकीनं गोड बातमी दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कुणी ठरवावं लागत नाही. मी मनातल्या मनात मागची खोली रिकामी केली, कपाट हलवलं, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवायला घेतली. गोळी सुटलेली, मी ठणठणीत, लेक माझ्या हाताखाली. असं सगळं माझं ठरलेलं.

गोळी अर्धी झाली आणि माझी पार दाणादाण उडाली. कुकरची शिट्टी झाली की छातीत धस्स. दाराची बेल वाजली की हात थरथर. जिना चढून आले की हृदय कानात वाजायचं आणि मग ते थांबतंय की नाही याच्यावर मी पहारा देत बसायची. पहारा दिला की ते आणखी जोरात. आता आपलं काही खरं नाही असं वाटून तळव्यांना घाम सुटायचा. डॉक्टरांनी पुन्हा ईसीजीची पट्टी काढली, तपासलं आणि म्हणाले, 'हृदय उत्तम आहे. इतकी वर्षं गोळी त्याला दाबून ठेवत होती, आता ते आपल्या चालीनं चालायला शिकतंय. धडधडेल, पण त्यानं तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही त्याला घाबरताय, एवढंच.' एवढंच म्हणे. सांगायला काय जातंय.

त्यांनी सांगितलेलं सगळं मी केलं. पाय जमिनीवर घट्ट टेकून बसायचं, तोंडावर गार पाणी मारायचं, श्वास सावकाश सोडायचा. मेथी निवडायला घेतली की जरा बरं वाटायचं, म्हणून आमच्याकडं रोज मेथी. हे शेवटी म्हणाले, 'अगं, आता पालक तरी आण.' आमच्या गल्लीतून योग शिकायला आलेल्या परदेशी पोरी काखेत चटई घेऊन जायच्या. कोपऱ्यावर शहाळं पीत निवांत उभ्या असायच्या. कुठल्या कुठून आलेल्या, आणि त्यांना आपला श्वास इतका सहज घेता यायचा. मी खिडकीतून बघायची आणि चडफडायची.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण माझ्याकडं केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पंधरा-वीस बायका. विहीणबाई सकाळपासून हजर. बाईचा आवाज मोठा, अंग ठसठशीत, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. 'ताई, तुम्ही सुम्ने बसा, मी करते' हे त्यांचं पालुपद. सुम्ने म्हणजे उगी, स्वस्थ. माझ्याच घरात मला उगी बसवणाऱ्या ह्या कोण, असं दर वेळी ओठांवर यायचं. आल्या आल्या त्यांनी लेकीच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, 'बघा, नोडी, पहिल्या धुण्यातच रंग सोडणार ही.' साडी मी आणलेली. आणि मेला रंग खरंच गेला पुढं.

ओटी भरायला मी उभी राहिले आणि नेमकं सुरू झालं. आधी छातीत, मग हातात. ताटातला नारळ हलायला लागला, तांदूळ जमिनीवर सांडले. सगळ्या बायका बघतायत. लेक पाटावरून वर माझ्याकडं बघतेय, आणि तिच्या डोळ्यांत काळजी. तिच्या डोहाळजेवणात तिला माझी काळजी. विहीणबाईंनी अलगद माझ्या हातातलं ताट घेतलं, मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या लेकीची ओटी माझ्या घरात त्यांनी भरली. इतकं सफाईनं की कुणाला काही वावगं वाटलं नाही. बायका गाणी म्हणायला लागल्यासुद्धा.

दोन दिवसांनी लेक आली. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, 'आई, बाळंतपण तिकडंच करूया का? अम्मा आहेत. तुझी गोळी सुटतेय, तुला त्रास नको.'

'मला कसला त्रास?'

'आई, मला रात्री झोप लागणार नाही इथं. तुझं काय होतंय हेच बघत बसेन मी.'

मी ह्यांच्याकडं बघितलं. वाटलं, आता तरी माझ्या बाजूनं बोलतील. तर हे म्हणाले, 'बरोबर आहे तिचं.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या संध्याकाळी मी भांडी इतकी आपटली की शेजारच्या बाई विचारायला आल्या. मागच्या खोलीत शिवलेली दुपटी ठेवली होती, ती घड्या घालून पिशवीत भरली आणि रडले. माझ्या आईनं माझं केलं, तिच्या आईनं तिचं. माझ्यापाशी येऊन ही साखळी तुटली, आणि ती कशापायी, तर अर्ध्या गोळीपायी.

त्यानंतर रोज दुपारी लेकीचा फोन यायचा आणि त्यात नुसतं अम्मापुराण. अम्मांनी पायाला तेल लावलं, अम्मांनी आप्पे केले, अम्मा म्हणतात असं झोप. एकदा मी पलंगावर पडले होते आणि छातीत जोरात सुरू झालं. हात गार पडले. उठून पाणी मारावं इतकंही बळ नाही. तेवढ्यात फोन. लेक म्हणाली, 'आई, काल कंबर इतकी दुखत होती, अम्मा मध्यरात्रीपर्यंत शेकत बसल्या. इतकं बरं वाटलं, मला तुझीच आठवण आली.' माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेकलं त्यांनी आणि आठवण माझी, म्हणजे मी काय आता फोटोतली आहे? वरवर 'हो का, छान' म्हटलं, फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घातल्या. छाती नुसती दणाणत होती. आणि एकदम ध्यानात आलं की मला भीती वाटत नाहीये. जरासुद्धा नाही. तीच धडधड, तितकीच जोराची, पण ती कशानं चाललीय ते मला पक्कं ठाऊक होतं. विहीणबाईंमुळं चाललीय. त्यात मरण्यासारखं काय आहे?

तेव्हापासून मला माझा उतारा सापडला. धडधड सुरू झाली की पाय जमिनीवर टेकायचे, श्वास सोडायचा आणि विहीणबाईंना डोळ्यांसमोर आणायचं. त्यांचा तो आवाज, कमरेला खोचलेला पदर, लेकीच्या कपाळावरून फिरणारा हात. की झालंच, भीती पळाली. राग इतका ऐसपैस असतो की भीतीला बसायला जागाच उरत नाही. गोळी पाव झाली, पुढं डॉक्टरांनी बंद केली, आणि मी तगले. डॉक्टरांनी कौतुक केलं, विचारलं, 'कसं जमवलंत?' म्हटलं, 'तुम्ही सांगितलंत तसंच, श्वास.'

लेकीला मुलगी झाली. आम्ही दोघी आज्या दवाखान्यात होतो. बाळाला आधी कुणी घेतलं ते मी सांगणार नाही, तुम्हाला कळलंच असेल. मग लेक बाळाला घेऊन जयलक्ष्मीपुरमला गेली आणि मी रोज सकाळी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन पाहुण्यासारखी जायला लागले. पाहुण्यासारखीच बसायची. बाळ मांडीवर द्यायचे, रडलं की घ्यायचे. 'ताई, द्या इकडं, तुम्हाला धडधडेल.' गोळी सुटली तरी माझ्या नावावरची धडधड काही सुटेना.

एकदा लेक म्हणाली, 'आई, थोडे दिवस राहायलाच ये ना. अम्मासुद्धा म्हणतायत.' बघा, ते बोलावणंही त्यांचंच. माझ्या आईनं मला मूल होईपर्यंत माझ्या सासरी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. मी तितकी कडक नाही, पण विहिणीच्या घरी पथारी टाकायची म्हणजे अतीच होतं. चार दिवस मी फुरंगटून बसले, आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून गेले. लेकीसाठी नाक मुठीत धरायचं असतं ते धरलं.

तिथं रोज सकाळी न्हाणीघराशी मैफल. विहीणबाई पाटावर बसून पाय लांब करायच्या, बाळाला नडग्यांवर पालथं घालायच्या आणि तेल चोळून गरम पाण्यानं न्हाऊ घालायच्या. मी टॉवेल घेऊन उभी. बाळ घर डोक्यावर घ्यायचं. विहीणबाई कानडीत काहीतरी गुणगुणायच्या, ते आणखी किंचाळायचं. 'रडू दे, फुप्फुसं मोठी होतात,' म्हणायच्या. मला बोलायची चोरी.

एक दिवस तेल लावून झालं, पाणी काढून झालं आणि फाटकाशी सिलिंडरवाला आला. त्याच्याशी काहीतरी वाद झाला म्हणून विहीणबाई तरातरा बाहेर गेल्या. बाळ कपड्यावर उघडं. पाणी निवायला लागलं. लेक आतल्या खोलीतून दारापर्यंत आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, 'आई, तू घाल ना.'

छातीत ढोल सुरू झाला. मी पाटावर बसले, पाय लांब केले. सवयीनं विहीणबाईंना डोळ्यांसमोर आणायला गेले, तर कुठल्या यायला. समोर ते तेलानं बुळबुळीत झालेलं एवढंसं पोर. राग येईना, हेवा येईना. नुसती भीती होती, कोरी करकरीत, आणि तिच्यावर माझ्याजवळ काही नव्हतं. बाळाला नडग्यांवर घेतलं. पाण्यात कोपर बुडवून बघितलं, तांब्या भरला आणि पहिली धार त्याच्या पाठीवर सोडली. धडधड थांबली नाही. ती माझ्या पायांपर्यंत पोचत असणार, पण बाळाला काय त्याचं, ते गाल टेकून पडलं होतं. मी डाळीचं पीठ लावलं, काखा धुतल्या, मांड्यांच्या वळ्या धुतल्या. टाळूवर पाणी सोडताना सांगलीच्या घरात म्हणायचे तसं काहीबाही बडबडत होते. थोड्या वेळानं ध्यानात आलं की न्हाणीघरात माझ्याच आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. बाळ रडत नव्हतं. पालथ्याचं उताणं केलं तर माझ्याकडं टक लावून बघत होतं.

विहीणबाई परत आल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. पदर खोचत पुढं झाल्या, 'ताई, द्या, मी घालते, तुम्ही सुम्ने…'

'अम्मा, राहू द्या,' लेक म्हणाली. अगदी साधेपणानं म्हणाली. 'आईला घालू दे. बघा ना, रडत नाहीये.'

विहीणबाई माझ्या नडग्यांवरच्या नातीकडं बघत राहिल्या. मग हसल्या, पण ते हसू गालांपाशीच थांबलं. कोपऱ्यातला टॉवेल उचलून त्या उभ्या राहिल्या आणि तो दोन्ही हातांनी पिळत राहिल्या. कोरडाच होता टॉवेल. त्या घडीला बाईच्या पोटात काय चाललंय ते मला सगळंच्या सगळं कळत होतं. आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, खरं तर लाज वाटायला हवी होती, ती काही वाटली नाही.

मी शेवटचा तांब्या ओतला आणि बाळाला उचलून त्यांच्या हातातल्या टॉवेलात दिलं. त्यांनी ते छातीशी घेतलं, पुसलं, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, 'उद्या मी घालते हं, ताई.'

'बघू,' मी म्हटलं.