संकष्टीचा अख्खा चंद्र

माझ्या नवऱ्यानं दुर्बीण घेतली ती खोक्यावरचा आकडा बघून. आकडा सगळ्यांत मोठा, म्हणजे दुर्बीण सगळ्यांत चांगली. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, सगळं त्यानं असंच घेतलंय, त्यामुळे बोलून उपयोग नव्हता.

गंगापूर रोडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ती महिनाभर नुसतीच उभी होती. सासूबाई चांदवडच्या. दुर्बीण पापडांची जागा अडवते म्हणून त्यांचा तिच्यावर भारी राग. तरी त्या संकष्टीला त्यांनीच फर्मान काढलं, "आज चंद्र मला त्या नळीतून दाखव. सोता बघितल्याशिवाय मी घास खाणार नाय." एरवी आमच्यापैकी कुणीतरी "उगवला हो" म्हणायचं आणि त्या हात जोडून पानावर बसायच्या. सकाळपासून पोटात फक्त चहा आणि वाटीभर साबुदाणा, त्यात शुगरचा त्रास. मला चंद्राचं काही पडलं नव्हतं, ह्या बाई चक्कर येऊन पडतील अशी धास्ती होती.

नवऱ्याचा आनंद मात्र गगनात मावेना. आईला त्याची एखादी खरेदी प्रथमच हवीशी वाटली होती. त्यानं पेटीतलं सगळ्यांत ताकदीचं भिंग लावलं आणि चंद्र शोधायला घेतला. चंद्र पंचवटीच्या बाजूला ढळढळीत वर आलेला. गच्चीवरच्या मांजरालाही दिसत असणार, पण दुर्बिणीला सापडेना. तिच्यात आधी नुसता अंधार आला, मग मोबाइलचा टॉवर, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांचा बनियन, तोही इतक्या जवळून की त्यांच्याकडे आज वरण होतं हे मला कळलं.

भिंग जितकं ताकदीचं, तितका आभाळाचा तुकडा लहान, हे माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलं होतं. मोठं बघायचं तर थोडंच दिसणार. आमच्या घरात माहितीपत्रकं मी एकटीच वाचते.

"आई, सापडला!" शेवटी तो ओरडला. सासूबाईंनी पदर सावरून डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"ही तर भिंत हाय."

"अगं, चंद्रच आहे तो!"

"गिलावा केलेला दिसतो. अन् खड्डे तसेच ठेवलेत."

"चंद्रावरचेच खड्डे आहेत ते!"

"चंद्राला कड असते रे. हिला कुठंय कड? अन् ही भिंत तर चालली बघ."

मग त्यानं त्र्यंबकच्या गुरुजींना फोन लावला. चंद्राचा तुकडाच दिसला तर उपास सुटतो का?

"आज ग्रहण आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"नाही, भिंग मोठं आहे."

"तुकडा कुठला दिसतोय? वरचा की खालचा?"

"दुर्बिणीत उलटं दिसतं गुरुजी. म्हणजे वरचा वाटला तर खालचा."

मुखदर्शन झालं तर चालेल, असा निर्णय आला. मग चंद्राचं मुख नेमकं कुठे, ह्यावर मायलेकांची जुंपली. मोदक गार होत होते.

माझं डोकं फिरलं. दोघांना बाजूला केलं, ते भिंग काढून नवऱ्याच्या हातात दिलं आणि पेटीतलं सगळ्यांत कमी ताकदीचं लावलं. चंद्र अख्खा आत आला, भोवती चांगला रुंद काळोख.

"अगदीच लहान दिसतो," नवरा पुटपुटला.

सासूबाई वाकल्या. ह्या वेळी भिंत म्हणाल्या नाहीत. डोळा तसाच लावून त्यांनी हात जोडले. "कड दिसली," त्या हळूच म्हणाल्या. "एका अंगानं जरा झिजलाय." चंद्र हळूहळू भिंगाच्या काठाकडे सरकायला लागला, तशा त्या त्याला दटावू लागल्या, "थांब की रे जरा! घाई काय हाय तुला?" तो काही थांबला नाही. मला हसू येत होतं आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

मग त्यांनी मान वर केली. चंद्र समोरच होता, लख्ख. त्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. त्यांनी तोंड आधी ह्या बाजूला वळवलं, मग त्या बाजूला.

"कुठं गेला गं आता?" त्यांनी मला विचारलं.

एरवी "उगवला हो" आम्हीच म्हणायचो, त्या स्वतः वर बघायच्याच नाहीत, हे मला आत्ता कुठे उमगलं. समोरच आहे, आई, एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी त्यांची मान हळूच पुन्हा नळीकडे वळवली.